झिरकोनियाच्या दरात बसवलेली निकेलची कॅप

नकली दागिना कानात घातला की माझ्या पत्नीच्या कानाची पाळी लाल होऊन चिघळते. रूट कॅनल झालेल्या दाढेवर कॅप बसवण्यापूर्वी तिने हे नागपुरातील एका खासगी दवाखान्यात स्वतःहून सांगितले होते. म्हणूनच डॉक्टरांनी धातूविरहित झिरकोनियाची कॅप सुचवली आणि धातूच्या कॅपहून बराच चढा असलेला तिचा दर आम्ही घासाघीस न करता दिला. बिलावर मात्र ‘कॅप’ एवढाच उल्लेख होता. लॅबचे वॉरंटी कार्ड मागून येईल असे सांगितले गेले, ते आलेच नाही.

थोड्याच आठवड्यांत त्या दाढेभोवतीची हिरडी सुजली आणि ब्रश लागताच रक्त येऊ लागले. दवाखान्याने दोष तिच्या दात घासण्यावर ढकलला, पुन्हा पैसे घेऊन सफाई केली आणि माउथवॉश दिला. उरलेल्या सर्व हिरड्या निरोगी असताना सूज नेमकी कॅपच्या कडेलाच का, याचे उत्तर कोणी देईना. कॅपची कड नीट न बसल्यानेही हिरडी सुजते, त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून निष्कर्ष काढता येत नाही हे खरे. पण तपासायला तर हवे होते.

अखेर आम्ही शासकीय दंत महाविद्यालयात गेलो. तेथून त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्टसाठी, म्हणजे संशयित पदार्थ पट्टीने त्वचेवर चिकटवून ॲलर्जी तपासण्यासाठी, पाठवण्यात आले. निकेलसारख्या धातूची ॲलर्जी उशिरा प्रकट होणारी असल्याने पाठीवर चिकटवलेली पट्टी ४८ तासांनी काढतात आणि त्यानंतरही त्वचा पुन्हा पाहतात. निकेल सल्फेट हा निकेलचा क्षार लावलेल्या जागी ठळक लाल फोड उठले. मग कॅप कापली, तेव्हा वरच्या पोर्सिलेनखाली करडा धातू निघाला. झिरकोनिया आतूनही पांढरीच असते, तर स्वस्त कॅपसाठी वापरल्या जाणाऱ्या निकेल-क्रोमियम मिश्रधातूत बहुधा निम्म्याहून अधिक निकेल असते. कॅप निघाल्यावर सूज ओसरली.

कॅप पक्की चिकटवण्यापूर्वी तिची आतली बाजू दाखवायला सांगावी आणि बिलावर साहित्याचे नाव लिहून घ्यावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीचे शुल्क लागत नाही. तक्रारीची नोटीस पोहोचताच दवाखान्याने पैसे परत करण्याची तयारी फोनवर दाखवली; आम्ही ती लेखी मागितली आहे.