कारखान्यातली अडचण कोणी शोधावी : आपली माणसे, सल्लागार की सॉफ्टवेअर?

नाशिकजवळच्या सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत चाळीस-पन्नास कामगारांचा कारखाना चालवणाऱ्या मालकापुढे हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. ऑर्डरी आहेत, यंत्रे चालू आहेत, ओव्हरटाइमही दिला जातो आहे. तरीही महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत डिस्पॅचसाठी धावपळ होते आणि ग्राहकाच्या खरेदी विभागाचे फोन थांबत नाहीत. नेमके कुठे अडते आहे ते शोधायचे ठरले की तीन मार्ग समोर येतात. आपल्याच माणसांकडून पाहणी करून घ्यावी, बाहेरचा सल्लागार नेमावा, किंवा ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारे) सॉफ्टवेअर घेऊन सगळे आकडे एका ठिकाणी आणावेत. मी स्वतः लहान कारखान्यांची अशी पाहणी करतो, म्हणजे यांतल्या दुसऱ्या मार्गावर माझे पोट आहे, हे आधीच सांगितलेले बरे. तरीही बहुतेकांनी सुरुवात पहिल्या मार्गाने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंबडमधल्या एका कारखान्याचे उदाहरण देतो. तिथे टर्निंग झालेल्या भागांच्या क्रेट ग्राइंडिंग मशीनपुढे कायम रचलेल्या असत. मशीन कमी पडते आहे यावर सगळ्यांचे एकमत होते आणि दुसऱ्या ग्राइंडिंग मशीनचे कोटेशनही आलेले होते. आम्ही एवढेच केले की एका बॅचच्या क्रेटला पुठ्ठ्याचे कार्ड दोऱ्याने बांधले आणि क्रेट जिथे थांबेल तिथे ज्याच्या ताब्यात असेल त्याने पेन्सिलने तारीख, वेळ आणि थांबण्याचे कारण लिहावे, असे ठरवले. सतरा दिवसांनी ते कार्ड तेलाने माखून परत आले. त्या सतरा दिवसांत बॅचवर प्रत्यक्ष काम झाले होते अकरा तास. ग्राइंडिंगच्या रकान्यात ‘पहिला पीस पास व्हायचा आहे’ हे एकच वाक्य वेगवेगळ्या अक्षरांत चार वेळा लिहिलेले होते. सेटिंगनंतरचा पहिला नग तपासून पास झाल्याशिवाय पुढचे काम सुरू होत नसे. त्यासाठी लागणारा एअर गेज, म्हणजे हवेच्या दाबावर माप तपासणारे उपकरण, एकच होता आणि तो वापरणारा तपासनीस दुपारपर्यंत बाहेरून आलेला माल तपासण्यात अडकलेला असे, त्यामुळे सेटिंग झालेले मशीन त्याची वाट पाहत उभे राही. दुसरे मशीन आणले असते तर तेही त्याच गेजपाशी येऊन थांबले असते. तपासनीसाच्या कामांचा क्रम बदलल्यावर, एक रुपयाही न गुंतवता, मशीनपुढचा ढीग महिनाभरात ओसरला.

हे कार्ड भरणारी सगळी माणसे कारखान्यातलीच होती आणि ऑपरेटरला कारण पहिल्यापासून माहीत होते. आपल्या माणसांचे बळ याच माहितीत आहे. मर्यादाही तिथेच आहे. त्या तपासनीसाला सकाळी बाहेरच्या मालावर बसवण्याचा निर्णय उत्पादन प्रमुखांचा होता, आणि पाहणीचा अहवाल त्यांनीच लिहिला असता तर ही ओळ त्यात आली असती, असे मला वाटत नाही. ज्याच्या कामाची पाहणी करायची त्याच्याकडेच ती सोपवली की दोष शेजारच्या विभागात सापडतो.

पाहणी सुरू करण्याआधी मालकाने स्वतः एक हिशेब करून पाहावा. अर्धवट तयार असलेला सगळा माल एका दुपारी मोजावा आणि त्या संख्येला रोजच्या सरासरी डिस्पॅचने भागावे. शॉप फ्लोअरवर ७,२०० नग पडलेले असतील आणि रोज ४०० नग बाहेर जात असतील, तर एका नगाला कारखान्यातून बाहेर पडायला सरासरी १८ दिवस लागत आहेत. या भागाकारामागचा नियम अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केला. ग्राहकाला दहा दिवसांचा शब्द दिलेला असेल, तर उशीर का होतो याचे अर्धे उत्तर इथेच मिळते.

बाहेरच्या माणसाची खरी गरज लागते ती दोन विभागांमधल्या तंट्यात, किंवा अडचण मालकाच्याच सवयीत असेल तेव्हा. रोज सकाळी फोन करून ‘आधी हा माल काढा’ असे सांगणाऱ्या मालकाला, त्या फोनमुळे आठवड्यात किती वेळा मशीनवरची चालू डाय (साचा) उतरवावी लागली, हे त्याचा सुपरवायझर सांगणार नाही. सल्लागार सांगू शकतो, कारण त्याला तिथे नोकरी टिकवायची नसते. खर्चाची भीती बाळगणाऱ्यांनी लघुउद्योगांना ‘लीन’, म्हणजे वाया जाणारा वेळ आणि माल कमी करण्याच्या पद्धती, शिकवणारी केंद्र सरकारची एमएसएमई स्पर्धात्मक लीन योजना पाहावी. मार्च २०२३ मध्ये ती नव्या स्वरूपात सुरू झाली, तेव्हा सल्लागाराच्या शुल्कातला सरकारचा वाटा ८० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर नेण्यात आला. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, असावी लागते. सध्याच्या अटी अर्ज करण्यापूर्वी तपासून घ्याव्यात.

सल्लागार निवडताना मी मालकांना एकच गोष्ट पाहायला सांगतो : पहिल्या दिवशी तो केबिनमध्ये किती वेळ बसतो आणि मशीनपाशी किती वेळ उभा राहतो. प्रश्न समजून घेण्याआधीच जागा आखून देण्यासाठी जमिनीवर पिवळे पट्टे मारायला लावणारा असेल तर सावध राहावे. कोणता आकडा, किती महिन्यांत, कुठून कुठे न्यायचा, हे करारात लिहून घ्यावे. काम हंगामी असेल तर पाहणीही हंगामातच व्हावी. दिंडोरी किंवा पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये जूनमध्ये जाऊन काहीच दिसत नाही. प्री-कूलिंगच्या, म्हणजे माल आधी थंड करण्याच्या खोलीच्या, दाराशी क्रेट खोळंबतात त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये.

सॉफ्टवेअरबद्दलचा गैरसमज सर्वांत महाग पडतो. सॉफ्टवेअर अडचण शोधत नाही; त्यात जे भरले जाते तेवढेच ते दाखवते. अनेक ठिकाणी संपूर्ण शिफ्टची नोंद संध्याकाळी एकच माणूस आठवून करतो, आणि अशा नोंदींत गेजपाशी गेलेला दीड तास कुठेच उतरत नाही. विभागनिहाय टक्केवारीही फसवी असते. मशीन ९० टक्के वेळ उपलब्ध, वेग ठरल्याच्या ९० टक्के आणि चांगला माल ९५ टक्के, हे तिन्ही आकडे वेगवेगळे वाचले तर कोणालाच चिंता वाटत नाही. त्यांचा गुणाकार, म्हणजे मशीनचा खरा उपयोग, मात्र जेमतेम ७७ टक्के येतो.

काही अडचणी मात्र डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि तिथे सॉफ्टवेअरला पर्याय नाही. स्टोअरमध्ये हजार-दीड हजार प्रकारचे सामान आहे, माल प्लेटिंगला आणि हीट ट्रीटमेंटला बाहेर जातो, चलनांचा मेळ लागत नाही, अशा वेळी कार्ड आणि पेन्सिल पुरत नाहीत. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरच्याकडून काम करून घ्यायला, पाठवलेला कच्चा माल जीएसटीच्या नियमानुसार एक वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर तो पाठवल्याच्या दिवशीच पुरवठा झाला असे धरून कर लागतो. कोणत्या वेंडरकडे काय आणि किती दिवस पडून आहे, हे रोज दाखवणारी यादी एवढ्यासाठीसुद्धा हवी. पण सामानाचे कोड आणि प्रत्येक उत्पादनाला लागणाऱ्या भागांची यादी आधी नीट करून घ्यावी, कारण एकाच बोल्टची तीन नावे सॉफ्टवेअरमध्ये गेली की तिथे तीन वेगळे बोल्ट तयार होतात.

म्हणून आपली तक्रार कोणत्या जातीची आहे ते आधी ठरवावे. माल शॉप फ्लोअरवर रखडत असेल तर आपली माणसे आणि कार्ड पुरे आहे. एकाच अडचणीचे कारण तीन विभाग तीन तऱ्हांनी सांगत असतील तर ठरावीक मुदतीसाठी, एकाच प्रश्नावर, बाहेरचा माणूस आणावा. कागद, साठा आणि चलने जुळत नसतील तर सॉफ्टवेअर घ्यावे. तक्रारीची जात कळत नसेल तर या महिन्यात उशिरा गेलेली एक ऑर्डर निवडावी, तिच्या पुढच्या बॅचला कार्ड बांधावे आणि ते परत येईपर्यंत कोणत्याही कोटेशनवर सही करू नये.