प्लुरोसिग्माची तयार स्लाइड: घ्यावी, पण लेबल बघून

बेळगावात शास्त्रीय साहित्याच्या दुकानात मिळणारी प्लुरोसिग्मा या डायटमची (सिलिकाचं कवच असलेल्या एकपेशी सूक्ष्म शैवालाची) ही स्लाइड बी.एस्सी.च्या वर्गाला उपयोगी आहे. कवचं स्वच्छ धुतलेली आहेत. सूक्ष्मदर्शकाच्या ४० पट ऑब्जेक्टिव्हखाली कंडेन्सर (प्रकाश एकवटणारं भिंग) वर घेऊन डायफ्राम (प्रकाशाची झडप) किंचित मिटवा. कवचावरच्या रेघा तीन दिशांनी उमटतात, एक आडवी, दोन तिरक्या. हीच या वंशाची खूण! गायरोसिग्मा हा दुसरा डायटमही असाच नागमोडी, पण त्याच्या रेघा उभ्या-आडव्या, काटकोनात. नुसत्या आकारावरून नाव देऊ नका.

कॅनडा बाल्सममधली (या पारदर्शक राळेत बसवलेली) स्लाइड टाळा. सिलिकाचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचं माप) १.४३ च्या आसपास, बाल्समचा १.५३, फरक थोडा, म्हणून रेघा पुसट. १.७ अपवर्तनांकाच्या माध्यमातलीच मागा.

लेबलवर नुसतं ‘शैवाल’ छापलंय, हे खटकतं. निदान गण (वर्गीकरणातला ऑर्डर) नॅव्हिक्युलेल्स एवढं तरी हवं होतं.