हिमोफिलियाचं मूल घरात: सिस्टर दारात हवी की फोनवर?

माझा भाचा नऊ वर्षांचा. हिमोफिलिया ‘ए’, म्हणजे रक्तात फॅक्टर आठ हा रक्त गोठवणारा घटक कमी. घरी येणारी सिस्टर आणि व्हिडिओ कॉलवरची सिस्टर, दोन्ही आम्ही सोलापुरात वापरून पाहिल्या.

घरात कुणालाच फॅक्टर लावता, म्हणजे त्याचं इंजेक्शन नसेतून देता, येत नसेल तर फोनचा विचार सोडा. लहान हाताची नस कॅमेऱ्यातून सापडत नाही. आधी सिस्टर दारातच हवी, आणि तिच्या नजरेसमोर आईनं सुई धरायला शिकायचं. आमची सिस्टर हाताची हलकी, पण रात्री नऊनंतर फोन उचलायची नाही. पोराचे सांधे नेमके रात्रीच दुखायचे!

ताई शिकली आणि गणित फिरलं. एका रात्री पोरगं म्हणालं, गुडघ्यात मुंग्या येतायत. सूज दिसत नव्हती. कॉलवरच्या सिस्टरनं शिवणाची टेप आणायला लावून दोन्ही गुडघ्यांचा घेर मोजून घेतला. एक जरासा जास्त भरला, म्हणजे सांध्यात आत रक्त उतरू लागलं असावं. “सुजायची वाट बघू नका, डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस आत्ताच लावा.” आजीनं मांडीवरचं विडीचं सूप बाजूला सारून टॉर्च धरला. मग बर्फ, पाय उशीवर. दुखलं तर पॅरासिटामॉल. आयब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन बिलकूल नाही.

डोक्याला मार लागला तर मात्र सल्ल्यात वेळ घालवू नका: फॅक्टर लावा आणि लगेच १०८.

थॅलेसेमिया हा रक्ताचा दुसरा आजार. त्यात रक्त चढवायला दर दोन-चार आठवड्यांनी दवाखाना चुकत नाही. फोन कामी येतो तो चढवलेल्या रक्तामुळे साठणारं लोह उतरवणाऱ्या गोळीची आणि हे लोह किती साठलं ते सांगणाऱ्या फेरिटिनच्या तपासणीची आठवण ठेवायला. ई-संजीवनी ही सरकारची ऑनलाइन सल्ल्याची सेवा फुकट आहे, पण तिथं डॉक्टर भेटतात, पोराचा गुडघा ओळखणारी तीच ती सिस्टर नाही.

फोनवाली ठरवताना भाषा आधी विचारा. आमच्या पूर्व भागात आजी तेलुगूत विचार करते. फॅक्टर २ ते ८ अंशांत ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही, हे तिला तेलुगूत सांगितल्यावरच पटलं.

आणखी एक. दारात सिस्टरची स्कूटर लागली की गल्लीभर चौकशा, आणि आजार आईकडूनच आला म्हणून बोल लागतो तो आईला. खरं तर सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी कुणालाच नसतो. मी ताईची धाकटी बहीण, लग्न ठरायचंय. मीही वाहक, म्हणजे हा आजार मुलाला देऊ शकणारी, असू शकते, तपासणी कुठली करायची, मुलगा झाला तर काय, हे सगळं मी फोनवरच्या सिस्टरला विचारलं. गच्चीवर जाऊन, दार ओढून घेऊन.