गोसेखुर्दच्या पाण्यावर जुनी टू-स्ट्रोक मोटार : आठ महिन्यांचा अनुभव

आमची सव्वादोन एकर जमीन गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यापलीकडे राहिली आणि रस्त्याने तिथे पोचायला १९ किलोमीटरचा वळसा पडतो, म्हणून गेल्या दिवाळीनंतर मी जुनी फायबरची बोट घेतली. माणसांची ने-आण, खताची पोती आणि मच्छीमार संस्थेचा सभासद असलेल्या माझ्या भाच्याची जाळी, एवढे तिचे काम.

घेण्याआधी तीन बोटी पाहिल्या. पहिली १४ फुटी, मागे कसायची ८ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक मोटार असलेली, कोकणातून आलेली, ८२ हजारांना. दुसरी जवळपास तेवढीच, पण ९.९ हॉर्सपॉवरच्या फोर-स्ट्रोक मोटारीची, १ लाख ३५ हजारांना. तिसरीला लाँगटेल, म्हणजे हवेने थंड होणारे इंजिन आणि त्याला जोडलेला लांब दांडा, होते. ती ४५ हजारांत मिळत होती. मी पहिली घेतली आणि दुसरी पुढच्याच आठवड्यात आमच्या गावातल्या एका काकांनी घेतली, त्यामुळे आठ महिने दोन्ही मोटारी एकाच काठावर माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

निर्णय मुख्यतः वजनावर झाला. मोटार रात्री बोटीवर सोडली तर सकाळी सापडेलच असे नाही, म्हणून ती रोज उतरवून घरी न्यावी लागते. माझी मोटार २७ किलोच्या आसपास आहे, काकांची ४० किलोच्या. आणि पाणी उतरले की काठावरचा चढ चांगलाच वाढतो. शिवाय फोर-स्ट्रोक मोटार आडवी करताना ठरलेल्या कुशीवरच ठेवावी लागते. काकांच्या मुलाने ती घाईत बैलबंडीत उलट्या कुशीवर टाकली आणि दुसऱ्या दिवशी सिलिंडरमध्ये उतरलेल्या ऑइलचा निळा धूर सगळ्या गावाने पाहिला.

दुसरे कारण दुरुस्तीचे. आमच्या बाजारगावातल्या मिस्त्रींनी माझ्या मोटारीचे झाकण काढून पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, हे तं लुनाचंच इंजिन हाय, फक्त पाण्यानं थंडं होते." खरेदीआधीची तपासणी त्यांनीच केली. मोटार थंड असतानाच पहिला दोर ओढला, कारण विकणाऱ्याने ती आधी गरम करून ठेवलेली असेल तर खरी गोष्ट कळत नाही. पाण्याने भरलेल्या ड्रममध्येच ती चालवली. कोरडी चालवली की पाणी खेचणारा रबरी इम्पेलर काही सेकंदांत जळतो. दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, ११० आणि १०५ पीएसआय भरले, म्हणजे फरक दहा टक्क्यांच्या आत. खालच्या गिअरचे ऑइल दुधाळ नव्हते, म्हणजे सील शाबूत होते. खाऱ्या पाण्यात राबलेली मोटार असल्याने थंडाव्याच्या नळ्यांत मीठ साचले असेल ही भीती होती, ती मात्र पुढे थोडी खरी ठरली आणि थर्मोस्टॅट खोलून साफ करावा लागला.

माझ्या नजरेतून सुटलेली चूक वेगळीच होती. मोटारीचा पाय, म्हणजे पंख्यापर्यंत खाली जाणारा भाग, लांब, २० इंची; आणि बोटीची मागची फळी, जिच्यावर मोटार कसतात, ती १५ इंची मोटारीच्या मापाची. पंखा पाच इंच जास्त खोल चालत होता आणि महिनाभर मी बोट जड चालते म्हणून इंजिनालाच दोष देत होतो. शेवटी सुताराकडून चार इंचांचा सागवानी ठोकळा फळीवर बसवला, तेव्हा पंख्याच्या वर असलेली आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत आली. आता जोरात वळवले तर पंखा कधीकधी हवा खातो, पण ते चालते. बोट पाहायला जाताना टेप सोबत ठेवावा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

पाच इंचांना एवढे महत्त्व बुडीत क्षेत्रामुळे आहे. जलाशय २४५.५ मीटरच्या पूर्ण पातळीला असतो तेव्हा बुडालेली झाडे खोल असतात. फेब्रुवारीनंतर पाणी उतरले की त्यांचे शेंडे पृष्ठभागाच्या जेमतेम खाली येऊन थांबतात. माझ्या पंख्याची शिअर पिन, म्हणजे धक्का बसला की मुद्दाम तुटणारी खीळ, आतापर्यंत चार वेळा तुटली. पिन तुटते म्हणून गिअर वाचतात, तेव्हा तक्रार नाही. पाच-सहा पिना आणि पक्कड बोटीत असतातच.

इकॉर्नियाचा, म्हणजे जलपर्णीचा, त्रास मात्र दोन्ही मोटारींना सारखाच आहे. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येते, त्यावर ही वनस्पती माजते. तिची मुळे मोटारीच्या पाणी घेण्याच्या जाळीवर बसली की थंडाव्याचे पाणी फिरते आहे हे दाखवणारी मागची बारीक धार बंद पडते. तेव्हा मोटार तात्काळ बंद करून पाय वर उचलावा लागतो. इथे लाँगटेल सरळ जिंकते, कारण तिला थंडाव्यासाठी पाणी लागतच नाही आणि दांडा एका झटक्यात वर येतो. ज्याला फक्त उथळ पाण्यात जाळी टाकायची आहे त्याने तीच घ्यावी. मी पाहिलेल्या लाँगटेल बोटीचा तळ ठोकल्यावर बद्द वाजत होता म्हणून मी मागे हटलो. कानठळ्या आणि हाताचे दुखणे हा हिशेब वेगळाच.

खर्चात मी हरलो आहे. शेतापर्यंतच्या ११ किलोमीटरच्या जाण्यायेण्याला माझे दोन लिटर पेट्रोल जाते, काकांचे सव्वा लिटर. वर प्रत्येक लिटरला २० मिलिलिटर ऑइल. सुरुवातीला मी मोटारसायकलचे टूटी ऑइल वापरले आणि प्लग सारखे काळे पडू लागले. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचे टीसी-डब्ल्यू३ ऑइल नागपूरहून मागवले तेव्हा ते थांबले. इथेनॉलमिश्रित पेट्रोलही टाकीत फार दिवस ठेवत नाही. त्यात पाणी जास्त शिरले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसते, ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते, आणि मोटार तळातले ऑइलविना खेचते. धुराचा वास जाळ्याला लागतो ही भाच्याची कुरकुरही खोटी नाही.

गेल्या महिन्यात काकांनी वर पैसे न घेता मोटारींची अदलाबदल करायची का, असे विचारले. मी त्यांची मोटार खांद्यावर घेऊन काठ चढायला निघालो आणि अर्ध्या चढावरच ती, योग्य कुशीवर, खाली ठेवली.