शाबासकीच्या शिक्क्यांचा संच: 'आहेस' बाजूला ठेवा, 'केलंस' करून घ्या

शिक्षकांसाठीचा शाबासकीच्या शिक्क्यांचा संच शालेय साहित्याच्या दुकानांत मिळतो, ऑनलाइनही मिळतो. नाण्याएवढा गोल ठसा, वर रंगीत टोपण, शाई आतच भरलेली. वहीवर दाबला की हसरा चेहरा उमटतो आणि खाली 'छान', 'उत्तम', 'शाब्बास', 'हुशार' असा एखादा शब्द. प्राथमिकचे वर्ग, बालवाड्या, शिकवण्या आणि आता घरी अभ्यास घेणारे आईबाबाही तो विकत घेतात. मत आधीच सांगून टाकते: शिक्का म्हणून वस्तू कामाची आहे, पण संचातले निम्मे शब्द मुलांच्या वहीवर न उमटलेलेच बरे.

आधी वस्तूबद्दल. बाजारात तीन प्रकार दिसतात. लाकडी मुठीचा रबरी शिक्का आणि वेगळं स्टँप पॅड, हा जुना प्रकार सगळ्यात टिकाऊ; पण दर ठशाला पॅडवर टेकवावा लागतो आणि गठ्ठा मोठा असला की हात रंगतात. दुसरा सेल्फ-इंक. यात रबर आतल्या छोट्या गादीला टेकून असतं, दाबलं की उलटून कागदावर येतं. तिसरा प्री-इंक. शाई ठशाच्या सच्छिद्र थरातच मुरलेली असते. टोपणवाल्या संचात बहुधा हा तिसरा प्रकार असतो.

तो नवा असतानाच जास्त त्रास देतो. शाई भरपूर असल्याने स्वस्त वहीच्या पातळ कागदातून ती पलीकडच्या पानावर उतरते, आणि लगेच वही मिटली तर समोरच्या पानावर उलटा हसरा चेहरा उमटतो. पहिले दहा-बारा ठसे रद्दी कागदावर मारून घ्यावेत. दाब हलका ठेवावा, ठसा मारल्यावर वही काही सेकंद उघडी ठेवावी. चकचकीत मुखपृष्ठावर किंवा प्लास्टिकच्या कव्हरवर मारू नये, तिथे शाई वाळत नाही.

देवनागरीची अडचण वेगळी आहे. अडीच सेंटिमीटरच्या वर्तुळात चेहरा, तारा आणि शब्द असं सगळं कोंबलं की अक्षरं फार बारीक होतात. 'शाब्बास'मधला जोड 'ब्ब' आणि 'उत्तम'मधला 'त्त' शाईने बुजतात. विकत घेण्याआधी दुकानात एक ठसा मारून पाहावा. जोडाक्षर सुटं वाचता आलं तरच घ्यावा.

शिक्का सुकला म्हणून फेकून देण्याची बहुतेकदा गरज नसते. प्री-इंक शिक्क्यात तेलावर आधारित शाई लागते, सेल्फ-इंकच्या गादीत पाण्यावर आधारित. स्टँप पॅडची साधी शाई प्री-इंक शिक्क्यात घातली की छिद्रं तुंबतात आणि तो कायमचा जातो. हे संच वाया जाण्याचं हेही एक कारण आहे. योग्य शाईचे दोन-तीन थेंब मागून सोडावेत, शिक्का काही तास तसाच ठेवावा, मग रद्दीवर मारून पाहावा. आणि बालवाडीत मुलं हात पुढे करतात, 'माझ्या हातावर पण' म्हणतात, तेव्हा नाही म्हणावं. ही शाई कातडीसाठी बनवलेली नसते.

आता शब्दांकडे येऊ. संचागणिक ते थोडे बदलतात, पण त्यातले बरेच शेरे दोन गटांत पडतात. एका गटाच्या मागे न छापलेलं 'आहेस' असतं: हुशार (आहेस), सुपरस्टार (आहेस), गुणी बाळ (आहेस). दुसऱ्या गटाच्या मागे 'केलंस' असतं: नीट वाचलंस, पुन्हा करून पाहिलंस. पहिला गट मुलाचं मोल ठरवतो, दुसरा गट मुलाने केलेल्या कामाबद्दल बोलतो. तयार संचांत पहिल्या गटाचीच भरती असते.

'हुशार' हा त्यातला सगळ्यांचा लाडका शिक्का, आणि सगळ्यात आधी बाजूला काढावा असाही हाच. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांना कोडी सोडवायला दिली आणि सगळ्यांना सांगितलं की तुम्हाला छान जमली. मग काहींना म्हटलं, तू हुशार असणार. काहींना म्हटलं, तू बरीच मेहनत घेतली असणार. त्यानंतर मुद्दाम अवघड कोडी दिली, आणि शेवटी पुन्हा पहिल्यासारखी सोपी. 'हुशार' ऐकलेली मुलं अवघड फेरीनंतर लवकर कंटाळली, आणि शेवटच्या सोप्या फेरीत आधीपेक्षा कमी कोडी सोडवू शकली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं उलट सुधारली. आपले गुण दुसऱ्या मुलाला कळवायला सांगितले तेव्हा 'हुशार' गटातल्या सुमारे ३८ टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. मेहनतीच्या गटात हे प्रमाण १३ टक्के होतं. कारण सरळ आहे. बरोबर आलं म्हणून मी हुशार, तर चुकलं म्हणून मी कोण? ज्याच्या वहीवर 'हुशार' उमटतं, त्याला पुढचं अवघड गणित म्हणजे ते बिरुद जाण्याचा धोका वाटू लागतो.

एक खबरदारी इथे हवी. हुशारी मेहनतीने वाढते, या विचारावर आधारलेल्या कार्यक्रमांच्या पुढच्या मोठ्या चाचण्यांत परिणाम बराच लहान दिसला. शिक्का बदलला म्हणून गुण वाढतील, असं कुणी सांगत असेल तर ते खरं मानू नये. चुकल्यावर मूल स्वतःकडे कसं पाहतं, एवढ्यापुरताच हा मुद्दा आहे, आणि तो मला पुरेसा मोठा वाटतो.

ज्या मुलांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटतं, त्यांच्यासाठी तर शब्दांची निवड जास्तच जपून करावी लागते. मानसशास्त्रज्ञ एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नेदरलँड्समधल्या ८ ते १२ वर्षांच्या २४० मुलांना व्हॅन गॉगचं एक चित्र बघून काढायला दिलं. मग एका चित्रकाराच्या नावाने चिठ्ठी दिली: काहींना 'सुंदर चित्र', काहींना 'कमालीचं सुंदर चित्र', काहींना कौतुकाविना. नंतर विचारलं, पुढचं चित्र सोपं काढणार की अवघड? स्वतःबद्दल कमी वाटणाऱ्या मुलांनी 'कमालीचं' वाचल्यावर सोपी चित्रं निवडली. एवढ्या उंच शेऱ्याला पुन्हा पोचता आलं नाही तर, या भीतीने ती मागे सरली. ज्यांचा स्वतःवर भरवसा होता त्यांना मात्र त्याच शब्दाने हुरूप आला. वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं: मोठी माणसं हे फुगवलेलं कौतुक नेमकं पहिल्या प्रकारच्या मुलांवरच जास्त करतात. मनात मायाच असते. म्हणून 'अप्रतिम!!!' हा तीन उद्गारचिन्हांचा शिक्का मागच्या बाकावरच्या, गप्प बसणाऱ्या मुलासाठी राखून ठेवण्याचा मोह आवरावा. त्याला साधं, खरं आणि नेमकं वाक्य द्यावं.

'छान' आणि 'उत्तम' कमी धोक्याचे, पण जवळजवळ रिकामे. इस्राएलच्या संशोधक रूथ बटलर यांनी पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग जणू याच संचाची परीक्षा आहे. काही मुलांना गुण, काहींना सरसकट एकच 'फार छान' धाटणीचा शेरा, काहींना ज्याच्या त्याच्या कामावर स्वतंत्र टिपण, काहींना काहीच नाही. स्वतंत्र टिपण मिळालेल्यांचं पुढचं काम आणि त्यातली गोडी, दोन्ही सरस ठरलं. एकसारखा शेरा आणि गुण मिळालेल्या मुलांचं लक्ष कामावरून उडून 'इतरांपेक्षा मी कुठे' इकडे वळलं. चाळीस वह्यांवर चाळीस 'छान' म्हणजे तपासल्याची पोचपावती. तेवढ्यापुरता तो वापरायला हरकत नाही, पण कौतुक केल्याचं समाधान त्यात मानू नये.

'प्रयत्न कर' हा शिक्का अजिबात नको. ज्याने तासभर खपून चुकीचं उत्तर काढलं त्याला तो अपमान वाटतो, आणि ज्याने काहीच केलं नाही त्याला काय करायचं ते कळत नाही. 'अक्षर सुधार' त्याच जातीचा. कोणतं अक्षर? शिरोरेषा तुटते की काना तिरका जातो? 'तपासले' आणि 'पालकांची सही' हे मात्र खुशाल वापरावेत, कुणाच्याही मनाला ते काही करत नाहीत.

मेहनतीचा शिक्काही डोळे मिटून मारण्याचा नाही. दोन मिनिटांच्या पाढ्याला 'खूप मेहनत घेतलीस' म्हटलं की सहावी-सातवीतलं मूल त्याचा भलताच अर्थ काढतं: एवढ्याशा कामाचं एवढं कौतुक, म्हणजे बाईंना माझ्याकडून याहून जास्त अपेक्षाच नाही. या वयात सोप्या कामावरची शाबासकी 'कमी कुवत' अशीही वाचली जाते.

काही संचांबरोबर सोनेरी ताऱ्यांची पट्टी आणि भिंतीवर लावायचा तक्ता येतो. तक्ता लावू नये. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढण्याची मुळातच आवड असलेल्या ३ ते ५ वर्षांच्या मुलांना सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र कबूल करून चित्रं काढायला लावली. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात ती मुलं चित्रकलेला इतरांच्या साधारण निम्माच वेळ देत होती. आधी न सांगता, अचानक तेच प्रशस्तिपत्र मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नाही. तारा वाईट नाही, 'दहा तारे झाले की बक्षीस' हा करार वाईट. शिवाय भिंतीवरच्या तक्त्यात तीन तारेवाल्याला रोज वर्गात शिरताना आपली जागा दिसते.

मग घ्यावं काय? माझा सल्ला: तयार संचाऐवजी रबर स्टँप बनवणाऱ्याकडून एकच सेल्फ-इंक शिक्का करून घ्यावा. ५८ बाय २२ मिलिमीटरचं माप सर्रास मिळतं. त्यात दोनच ओळी बसवाव्यात, पुढे मोकळी जागा ठेवून:

हे नीट केलंस: ………
आता हे करून बघ: ………

मापात जास्त ओळी मावतात असं दुकानदार सांगेल, पण देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार लागतात. दोनच्या पुढे गेलं की हाताने लिहायला जागा उरत नाही. रंग निळा किंवा जांभळा घ्यावा. लाल रंग म्हणजे चूक, असंच मुलांना वाटतं.

मोकळ्या जागेत तीन-चार शब्द पुरतात. 'हातचा लिहून ठेवलास', 'उदाहरण स्वतःचं घेतलंस', 'खोडून पुन्हा मांडलंस'. मराठी इथे आपल्या मदतीला येते. 'केलंस, वाचलंस, शोधलंस' ही रूपं मुलगा आणि मुलगी दोघांना तशीच चालतात, एकच शिक्का सगळ्या वर्गाला पुरतो. चुकीसाठी 'चुकलास' किंवा 'चुकलीस' लिहू नये, 'इथे चुकलं' लिहावं. क्रियापद नपुंसकलिंगी झालं की चूक मुलाच्या अंगावरून उतरून गणितात जाऊन बसते.

वेळ कुठून आणायचा, हा खरा प्रश्न. नुसता शिक्का तीन सेकंदांत होतो, भरून लिहायला वहीमागे अर्धा मिनिट जातो. चाळीस वह्यांचे वीस मिनिटं, रोज ते जमणार नाही. म्हणून रोज आठच वह्या निवडाव्यात, बाकीच्यांवर 'तपासले'. पाच दिवसांत वर्ग पुरा होतो. कोणत्या आठ ते हजेरीच्या क्रमानेच ठरवावं. मनाने निवडलं तर तीच ती चुणचुणीत मुलं पुन्हा पुन्हा येतात.

याचा आणखी एक उपयोग आहे. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात (नुसत्या परीक्षेवर नव्हे, वर्षभराच्या कामावरून होणाऱ्या मूल्यमापनात) वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात, आणि सत्र संपताना एका बैठकीत त्या लिहायला बसलं की सगळ्यांच्या पुढे 'अभ्यासात रस घेतो' येतं. वहीतली आठवड्याची टिपणं जमा असली की प्रत्येक मुलाची नोंद त्याची स्वतःची होते.

घरी एकटदुकट मूल असेल तर शिक्का घेऊच नये. तेच वाक्य तोंडाने म्हणता येतं, आणि मूल लगेच विचारू शकतं, 'कुठे नीट केलं?' तेव्हा बोट ठेवून दाखवता यायला हवं.

शिक्का बनवायला टाकताना मजकूर फोनवर तोंडी सांगू नये, टाइप करून पाठवावा. छापण्याआधी प्रूफ मागावं आणि 'केलंस'वरचा अनुस्वार मूळ मापात दिसतोय का ते पाहावं. पडद्यावर मोठं करून पाहिलं तर तो नेहमीच दिसतो, रबरावर मात्र बारीक टाइपात गायब होतो.