उशीखालचा स्पीकर : सात महिन्यांच्या वापरानंतर

उशीखाली सरकवायचा हा चपटा स्पीकर मी डिसेंबरात घेतला. त्याविषयीचे माझे मत मध्यंतरी पूर्ण बदलले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिले अडीच महिने वादनाच्या मैफली रात्रभर चालू ठेवल्या. झोप लवकर लागे, शेजारच्या खाटेवर आईला काही ऐकू येत नसे, आणि स्वप्ने इतकी लख्ख आठवत की संगीताने स्वप्ने वाढतात असे मी घरात सांगू लागलो होतो. फेब्रुवारीतल्या एका पहाटे नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्याचे दार कोणीतरी सारखे ठोठावत होते आणि कडी माझ्या हाताला लागत नव्हती; दचकून उठलो तेव्हा पावणेपाच वाजले होते आणि उशीत द्रुत तीनतालातला तबला चालला होता.

स्वप्ने वाढलेली नव्हती, जाग वाढली होती. झोपेचे एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचे असते; त्यातली डोळे वेगाने हलण्याची अवस्था, जिची नोंद शिकागोतल्या संशोधकांनी १९५३ साली प्रसिद्ध केली, पहाटेकडे लांबत जाते, आणि नेमकी तिच्यातून जाग आली की स्वप्न ध्यानात राहते. दिवसभर अंग जड का असते, याचे उत्तर मला तिथे मिळाले.

मार्चपासून ४५ मिनिटांचा टाइमर लावतो. ओळखीच्या गाण्यांच्या नुसत्या धूनही सोडल्या, कारण बेलर विद्यापीठातील मायकेल स्कलिन यांच्या २०२१च्या अभ्यासात अशा शब्दांविना धून डोक्यात अधिक घोळत राहून झोप बिघडवतात असे दिसले, आणि माझाही अनुभव तोच होता. आता फक्त संथ, अनोळखी आलाप ऐकतो. रात्रीची जाग बरीच कमी झाली.

स्पीकरचा खरा दोष असा की टाइमर संपताच आवाज एकदम तुटतो आणि त्या तुटण्यानेच जाग येते. मे महिन्यात हे जाणवले नाही, कारण खिडकीतल्या कूलरची एकसारखी घरघर ती पोकळी भरून काढी. उलट कूलरवर मात करायला मी आवाज वाढवत गेलो, ही माझी चूकच झाली. जूनअखेर पाऊस लागला, कूलर बंद झाला आणि तो खटका पुन्हा जाणवू लागला. म्हणून सध्या शेवटच्या दहा मिनिटांत हळूहळू विरत जाणारा तानपुरा मी स्वतःच ध्वनिमुद्रित करून वापरतो.