आयव्हीआयजी की प्लाझ्मा एक्सचेंज?

इम्युनोथेरपी सुरू होऊन काही आठवडे होतात न होतात तोच पापण्या मिटायला लागतात, जेवताना जबडा दमतो, पाण्याचाही ठसका लागतो. कॅन्सरवर सोडलेली प्रतिकारशक्ती नस आणि स्नायू जुळतात तिथेच उलटली, की हा मायस्थेनिया होतो. स्टेरॉइड चालू होतंच, पण आजार झपाट्याने वाढत असेल तर डॉक्टर आयव्हीआयजी किंवा प्लाझ्मा एक्सचेंज यांपैकी एक सुचवतात.

आयव्हीआयजी म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटिबॉडी. किलोमागे एकूण 2 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 120 ग्रॅम, सहसा 5 दिवसांत विभागून. हाताची साधी शीर पुरते. डोकं मात्र दुखू शकतं, कधी चांगलंच. प्लाझ्मा एक्सचेंजमध्ये रक्त मशीनमधून फिरवून आजार घडवणाऱ्या अँटिबॉडीसकट प्लाझ्मा काढतात आणि अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, भरतात. दिवसाआड साधारण 5 फेऱ्या, आणि त्यासाठी बरेचदा मानेच्या शिरेत जाड नळी. मध्येच ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा, कॅल्शियम उतरलेलं असतं.

गुण दोन्हींचा जवळपास सारखाच, आणि तोही काही आठवड्यांपुरता. श्वासावर बेतलं असेल तर बरेच तज्ज्ञ प्लाझ्मा एक्सचेंज पसंत करतात. एरवी मी तरी आधी पेशंटचं बाकी शरीर बघेन. कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्या तशाही लवकर होतात, आयव्हीआयजीने तो धोका वाढतो आणि किडनीवरही ताण येतो. उलट बीपी घसरतंय, जंतुसंसर्ग आहे किंवा शिरा सापडत नाहीत, तर आयव्हीआयजीच बरं. क्रमही विचारून घ्या: आयव्हीआयजीच्या पाठोपाठ प्लाझ्मा एक्सचेंज केलं तर महागडं औषध धुऊन निघतं.

ट्रोपोनिन आणि सीपीके (हृदयाला, स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि ईसीजी झालं का? इम्युनोथेरपीनंतरच्या मायस्थेनियाबरोबर स्नायूंना आणि हृदयालाही सूज येऊ शकते, आणि खरी भीती हृदयाची.

रिपोर्टमध्ये अँटी-हू किंवा अँटी-यो (कॅन्सरमुळे मज्जासंस्थेवर उलटलेल्या प्रतिकारशक्तीची खूण असलेल्या अँटिबॉडी) आलं असेल तर गोष्टच वेगळी. तिथे नुकसान मुख्यतः अँटिबॉडी नव्हे, तर प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी करतात, त्यामुळे या दोन्हींचा फारसा उपयोग होत नाही. मूळ गाठीवरचा उपचार लवकर हवा.

श्वासाची ताकद कळावी म्हणून पेशंटला एका दमात 1 पासून आकडे मोजायला लावा. काल 30 पर्यंत जाणारा आज 15 वर अडकला, तर तुलना बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा: दोन्हींपैकी आज काय सुरू होऊ शकतं?